मडमच्या दगडावरचं पाणी

तळघराची किल्ली माझ्या कमरेवरून रूथच्या कमरेला गेली, त्या उन्हाळ्यापासून माझी प्रार्थना बंद पडली. बंद पडली म्हणजे मी देवळात जात नव्हते असं नाही. रविवारी डोक्यावर पदर घेऊन मी पुढच्याच सतरंजीवर बसायचे, गाणी म्हणायचे, आमेन तर इतरांच्या आधी म्हणायचे. पण नुसते ओठ हलायचे, आत काहीच हलायचं नाही. डोळे मिटले की देवाऐवजी माझी धाकटी जाऊ दिसायची, पाठमोरी, कमरेला किल्ली खोचलेली. अशा मिटलेल्या डोळ्यांनी कोणी काय मागावं? देवाला हे दिसत नसेल का, असा प्रश्न मनात यायचा, पण मी तो त्याला विचारतही नव्हते. मी त्याच्यावर रुसले होते.

आमचं गाव यवतमाळहून दारव्ह्याला जाणाऱ्या सडकेवर. कापसाचा एक जिन, आठवडी बाजार, मिशनचा लहानसा दवाखाना आणि त्याला लागून आमचं कौलारू देऊळ. माझे यजमान देवळाचे राखणदार. घंटा, झाडलोट, दिवाबत्ती त्यांच्याकडे, आणि देवळाखालच्या तळघराची किल्ली घरातल्या थोरल्या सुनेकडे, अशी आमच्या घरची रीत होती. सासूबाईंनी ती मला दिली तेव्हा दागिना द्यावा तशी दोन्ही हातांनी दिली होती. दागिने घरात नव्हतेच, तेव्हा तोच माझा दागिना.

तळघर देवळाच्याही आधीचं. ज्या गोऱ्या साहेबाने जिन उभारला, त्याची बायको विलायतेहून आली आणि पहिलाच वैशाख तिला सोसला नाही. ऊन लागून ती गेली. साहेबाने आवारातल्या टेकाडावर मुरूम खणून खणून, ओल लागेपर्यंत खोल, तिच्यासाठी जागा केली. काळ्या दगडाच्या भिंती, वर कमान, उत्तरेकडे दोन झरोके, उतरायला पायऱ्या, आणि मधोमध तिच्या कबरीवर एकच लांब गुळगुळीत शिळा. माझे आजेसासरे तेव्हा साहेबाचे माळी होते. काम पुरं झाल्यावर साहेबाने किल्ली त्यांच्या हातात दिली आणि आपल्या मोडक्यातोडक्या बोलीत सांगितलं, "हिले ऊन नको लागू देजो." होळीपासून मृग लागेपर्यंत रोज सकाळी त्या शिळेवर घागरभर पाणी घालायचं, एवढंच काम. साहेब पुढे विलायतेला गेला तो परत आला नाही. मग मिशनने त्या तळघरावरच देऊळ बांधलं, आजेसासरे ख्रिस्ती झाले, पण पाणी काही थांबलं नाही. एका नव्या पाळकसाहेबांनी एकदा नाक मुरडलं होतं, हे तर पिंडीवरच्या अभिषेकासारखं दिसतं म्हणाले. सासूबाई त्यांना म्हणाल्या, "मेलेल्या मान्साले ऊन लागते का नाई, थे तुमी मेल्यावर सांगजा. तवरीक मी पानी घालतोच." पाळकसाहेबांनी पुन्हा विषय काढला नाही.

खरं सांगायचं तर माझा पहिला हेवा रूथचा नव्हे, त्या मडमचा. नवी नवरी होते तेव्हापासूनचा. ज्या बाईच्या अंगाला माती लागल्यावरसुद्धा तिच्या नवऱ्याला तिच्या उन्हाची काळजी, ती बाई काय नशीब घेऊन आली असेल! आणि इथे मी भर चैत्रात डोक्यावर सरपणाचा भारा घेऊन यायचे, तर आमचे हे ओसरीवर बसून विचारणार, "भाकर टाकली का?" माणूस वाईट नाही, देवमाणूसच म्हणतात गावात. पण 'हिले ऊन नको लागू देजो' हे शब्द माझ्यासाठी कोणाच्या तोंडून कधी निघाले नाहीत. माहेरी आम्ही पाच बहिणी आणि एक भाऊ, तिथे उन्हाचं कौतुक कोणाला. सासरी तर विचारायलाच नको. त्यामुळे रोज सकाळी मी त्या शिळेवर पाणी ओतायचे ते थोडं दातओठ खाऊनच ओतायचे. घे बाई, तुझं नशीब थंड आहे.

पण गंमत अशी की त्या गावात माझी म्हणावी अशी जागा तेवढी एकच होती. आमच्या दीड खोलीच्या घरात सासूबाई, हे, दीर, येणारेजाणारे. रडायचं म्हटलं तरी चुलीच्या धुराचं निमित्त लागायचं. माझं पहिलं लेकरू गेलं तेव्हा मी रडले ती तळघरात. पाणी घालून झालं की पायरीवर बसायचे आणि आपल्या वऱ्हाडीत सगळं बोलायचे. देवाशी बोलत होते की मडमशी, हे मला कधी नीट सांगता आलं नसतं. कोणीतरी ऐकत होतं एवढं खरं. वर देवळात सगळ्यांचा देव असायचा. खाली, त्या ओल्या अंधारात, तो माझ्या एकटीचा असायचा. म्हणून किल्ली गेली तेव्हा माझं काय गेलं ते कोणाला कळलं नाही. लोकांना वाटलं, लोखंडाचा तुकडा तर गेला.

ती गेली कशी, तेही सांगते. आपला जिल्हा मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढचा उन्हाळा होता. रहीमचाचा कल्हईवाले दर वर्षी दवाखान्याच्या भांड्यांना कल्हई करायला यायचे. कडुनिंबाखाली भाता लावून बसले होते. वरून ऊन, समोर आग. दुपारी भांडं हातात धरूनच ते आडवे झाले. डॉक्टर यवतमाळला गेलेले. ह्यांनी आणि मी त्यांना ओढत सावलीत आणलं, पण त्या दिवसांत सावलीसुद्धा भाजत होती. मग मलाच सुचलं. मी तळघराचं कुलूप उघडलं. खाली नेऊन चटईवर निजवलं, आईने लग्नात दिलेली काशाची वाटी आणली, त्यांच्या तळपायांना तूप लावून वाटीने घासत बसले. आमच्याकडे ऊन लागलं की हेच करतात. घासता घासता वाटीचं बूड काळं पडतं, आणि बायका म्हणतात, उतरली उष्णता. दिवेलागणीला चाचा उठून बसले आणि पाणी मागितलं. मग त्यांनी सगळ्या बाजारात सांगितलं, "मिशन के तहखाने में जन्नत की हवा है, भाई." दुसऱ्याच दिवशी कोणी आपला बाप घेऊन आलं, कोणी सून घेऊन. मी दार उघडत राहिले, वाटी घासत राहिले. त्या महिन्यात मला वाटलं होतं, गावात आपल्याही नावाला आता काही वजन आहे.

पुढच्या वर्षी माझ्या दिराला इकडच्या एस.टी.वर ड्रायव्हरची नोकरी लागली आणि त्याची बायको रूथ आमच्या दवाखान्यात नर्स म्हणून आली. मिशनच्या मोठ्या इस्पितळात शिकलेली. देवळाच्या पंचांनी बसून ठरवलं की तळघरात दर उन्हाळ्याला ऊन लागलेल्यांसाठी वॉर्ड करायचा, जातधर्म न बघता. भिंतींना चुना झाला, झरोक्यांना वाळ्याच्या ताट्या लागल्या, ओळीने चटया आल्या. आणि काम दवाखान्याचं, म्हणून किल्ली रूथकडे. मला कोणी विचारलंही नाही. ह्यांनी संध्याकाळी सहज सांगितलं, कोंबड्या कोंडल्या का, हे विचारावं तसं. मी कमरेची किल्ली काढून उंबऱ्यावर ठेवली. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते काय, हे मला त्या दिवशी समजलं.

रूथमध्ये खोट सापडली असती तर मी तिला केव्हाच माफ केलं असतं. ती सापडत नव्हती, हेच माझं दुखणं. हळू बोलायची, मला जाऊबाई म्हणून पाया पडायची, पगारातून सासूबाईंना लुगडं आणायची. मीठ-साखरेचं पाणी चमच्या-चमच्याने पाजत ती तासन्‌तास बसायची. माझ्या वाटीला हसेल म्हणून मी वाट पाहत होते, म्हणजे भांडता आलं असतं. तर ती म्हणाली, "जाऊबाई, तुमची वाटी मले शिकवा नं. लोकायले त्यानं बरं वाटते." मी शिकवलं, वाटीही वापरायला दिली. आणि महिनाभरात बाजारात बायका म्हणू लागल्या, रूथबाईचा हात गुणाचा आहे, नुसती वाटी फिरवली तरी उष्णता उतरते. वाटी माझ्या आईची, दार मी उघडलेलं, आणि हात रूथबाईचा गुणाचा! मी हसून मान डोलवायचे आणि घरी येऊन भांडी आपटायचे.

माझ्याकडे उरलं होतं ते एवढंच: सकाळचं पाणी, आणि एक नियम. शिळेवर कोणाला निजवायचं नाही. चटया कितीही अपुऱ्या पडोत, शिळा रिकामी राहिली पाहिजे. रूथने तो नियम निमूट पाळला. एका वर्षी एक बंजारी बाई आपल्या सुनेला घेऊन आली. गावाबाहेरच्या तांड्यातली, हातभर पांढऱ्या बांगड्या, आवाज खणखणीत. खाली उतरल्याबरोबर तिने त्या ओल्या शिळेवर हात ठेवला आणि सुनेला सरळ तिच्यावर निजवलं. मी तिथेच होते. "उचल तिले," मी म्हणाले. "हा दगड मडमचा हाये." ती माझ्याकडे बघतच राहिली. "मडम कुठी हाये?" तिने विचारलं. मी बोट खाली दाखवलं. बाईने सुनेला उचलून चटईवर घेतलं. सून बरी होऊन गेली, पण जाताना त्या बाईने शिळेकडे आणि मग माझ्याकडे असं काही पाहिलं की मला रात्रभर तिचा राग येत राहिला. मडमचा मला हेवा, आणि मडमच्या जागेचा पहारा मीच करत होते. माणसाचं मन असं विचित्र असतं. आपल्याला मिळालं नाही ते निदान दुसऱ्याला तरी मिळू नये.

मग महाराष्ट्र झाला, गावात साखर वाटली, त्याच महिन्यातली गोष्ट. नवतपा, उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस, सुरू झाला होता. सकाळी चूल आटोपून मी घागर घेऊन तळघरात उतरले. चटया सगळ्या भरलेल्या. कोपऱ्यात रूथ एका म्हाताऱ्याचे पाय घासत होती, माझ्या वाटीने. म्हाताऱ्याच्या लेकीला कृतज्ञतेने भरून आलं होतं. ती मला ओळखत नव्हती. माझ्याकडे घागर बघून म्हणाली, "बाई, रूथबाईले थोडं पानी द्या हात धुवाले. देवानं धाडली ही बाई. तुमी इथं पानी भरता का?"

तळपायाची आग मस्तकात गेली. घागर मी तिथेच पायरीवर ठेवली, जाऊन रूथच्या हातातून वाटी काढून घेतली. "माह्या मायची हाये," म्हणाले. रूथ तुपाचे हात तसेच धरून उभी राहिली. "जाऊबाई, काय झालं? माह्याकून काही चुकलं का?" मी वाटी पिशवीत घातली, एक लुगडं कोंबलं, आणि भावाकडे दारव्ह्याला जाते, असं शेजारणीला सांगून निघाले. हे जिनात गेले होते. शिळेवर पाणी घातलं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. जाताना ते मुद्दाम आठवलं आणि बरं वाटलं. बघू दे आता मडमलाही ऊन कसं असतं ते.

मोटार निघून गेली होती. दुसरीची वाट बघत थांबले असते तर कोणी समजूत काढायला आलं असतं, आणि मला समजूत नको होती. पायी निघाले. नेहमी उन्हात निघताना आम्ही कनवटीला कांदा ठेवतो. त्या दिवशी कांदा नाही, डोक्यावर ओलं फडकं नाही. चालताना देवाशी भांडत होते, खूप दिवसांनी बोलत होते म्हणायला हरकत नाही. तुझी जागा तू सगळ्यांना दिलीस, मला एक कोपरा ठेवला नाहीस. सगळ्यांचं ऐकतोस, त्या रूथचं तर मागण्याआधीच ऐकतोस. मी तुझी कोण? असं बरंच काही. आधी घाम येत होता, मग तो थांबला. सडकेच्या कडेची पळसाची झाडं हलायला लागली, वारा नसताना. एका मैलाच्या दगडाशी बसावं असं वाटलं एवढं आठवतं. बसले की पडले ते आठवत नाही.

पुढचं मला नंतर ह्यांनी सांगितलं. तांड्यातली तीच बंजारी बाई नवऱ्याबरोबर बैलबंडीतून बाजाराला येत होती. सडकेवर बाई पडलेली दिसली, उतरून बघितलं तर मी. तिने मला ओळखलं. ओळखून ती निघून गेली असती तर मी तिला दोष दिला नसता. तिने मला बंडीत घेतलं, पिशवीत काही पाणी-बिणी आहे का म्हणून पाहिलं, तर वाटी निघाली. तूप नव्हतं, बंडीच्या चाकांच्या वंगणासाठी ठेवलेलं तेल माझ्या तळपायांना चोपडून ती वाटेभर वाटी घासत आली. दारव्ह्याचा दवाखाना जवळ नव्हता का, असं मी पुढे तिला विचारलं. ती म्हणाली, "मले एकच थंडी जागा ठाव हाये, याडी." याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई.

तळघरात जागा नव्हती. माणसाला माणूस लागून निजलेलं. हे धावत आले होते. मला हातांवर तोलून पायऱ्यांवर उभे होते आणि कुठे निजवावं ते कळत नव्हतं. मधोमध ती शिळा रिकामी. रूथ रडकुंडीला आली होती, पण म्हणाली, "भाऊजी, दगडावर नको. जाऊबाईले चालत नाई." मी मरायला टेकले होते आणि ही पोरगी माझा नियम पाळत होती! तेव्हा त्या बंजारी बाईने ह्यांना पुढे ढकललं. "चालत नाई तं उठून सांगन थे," म्हणाली. "ठेव तिले. थंडा दगड कोनासाठी राखून राह्यले तुमी?"

हे सगळं ऐकीव. माझं स्वतःचं जे आहे ते एवढंच आहे, आणि ते मी जसं होतं तसं सांगते, मोठं करत नाही. अंगाला आग लागल्यासारखी होती. मग पाठीखाली गारवा आला. तो वरून आलेला नव्हता, खालून, खोलातून, हळूहळू वर येत होता, तान्ह्याला कुशीत घेताना आईचा हात पाठीखाली जातो तसा. लुगडं ओलं झालं. मला वाटलं मी पाणी घालते आहे, आणि मग वाटलं, नाही, माझ्यावर घातलं जात आहे. डोळे उघडत नव्हते. आणि अगदी कानाशी, कोणीतरी, घाई नाही, काही नाही, म्हणालं, "हिले ऊन नको लागू देजो."

मी त्या शब्दांना इतकी वर्षं ओळखत होते की आधी मला वाटलं, हे मडमसाठीच आहे. रागच आला, अशा अवस्थेतही. मग कळलं की त्या दगडावर मडम नाही, मी आहे. 'हिले' म्हणजे मला.

शुद्धीवर आले तेव्हा झरोक्यातलं ऊन गेलं होतं. हे पायाशी बसून वाटी घासत होते, आयुष्यात पहिल्यांदा. त्यांना जमत नव्हतं, मला गुदगुल्या होत होत्या. मी विचारलं, "ते कोन म्हणलं?" त्यांना काही कळलं नाही. ते म्हणाले, रूथ म्हणाली असेल. रूथ म्हणाली, "मी तं काहीच नाई बोलली जाऊबाई, माह्या तोंडातून शब्दच निंगत नवता. भाऊजी म्हणले असतीन." बंजारी बाई बाजार करून निघून गेली होती. पुढे भेटली तेव्हा तिलाही विचारलं. तिने आकाशाकडे बोट केलं, मग हसून माझ्या नवऱ्याकडे केलं, आणि पुन्हा आपल्या कामाला लागली. मी विचारणं सोडून दिलं. ज्याने म्हणायचं त्याने म्हटलं. मला ऐकू आलं.

पण एक गोष्ट विचारल्याशिवाय राहवेना. त्या दिवशी मी पाणी घातलं नव्हतं. मग शिळा ओली कशी होती? रूथने मान खाली घातली. "मी घातलं. तुमी घागर ठेवून गेल्या नं." कशाला, म्हणून मी विचारलं. तर म्हणाली, "तुमी माह्यावर रागावल्या. मडमनं काय केलं होतं?"

ह्यावर मी तिला मिठी मारली असं लिहिलं तर वाचायला बरं वाटेल. तसं झालं नाही. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की हेही हिनेच केलं! माझं म्हणून एवढं पाणी उरलं होतं, तेही हिनेच घातलं! आणि ते घातलं नसतं तर मी आज नसते. तोंड भिंतीकडे करून मी खूप वेळ रडले. ते रडणं रागाचं होतं की कसलं, मला त्या वेळी सांगता आलं नसतं. पण त्या रडण्यात मी पुष्कळ दिवसांनी देवाचं नाव घेतलं, आणि मधे रूथचा पाठमोरा आकार आला नाही. ती समोर बसली होती, डोळे सुजलेले, एक चमचा पाणी माझ्या ओठाशी धरून.

आता ह्या गोष्टीला काही वर्षं झाली. किल्ली अजून रूथकडेच आहे. ती खुळखुळली की माझा हात अजून आपल्या कमरेकडे जातो, नाही म्हणणार नाही. देवाने माझा हेवा काढून घेतला नाही. मीही आता त्याच्याशी त्यावरून भांडत नाही. हा असा आहे, घे, म्हणून रोज सकाळी त्याच्यापुढे ठेवते. नियम मात्र बदलला. सगळ्यात जास्त ऊन ज्याला लागलं असेल त्याला शिळा. पुढच्या उन्हाळ्यात बंजारी बाई कोणा नातलगाला घेऊन आली तेव्हा मी स्वतः पुढे होऊन शिळेवरचं कोरडं पान झटकलं. ती मुद्दाम थबकली. "हा दगड कोनाचा हाये?" म्हणाली. मी म्हणाले, "निजव नं वं आता." दोघी हसलो.

पुष्कळदा मनात येतं, त्या साहेबाने एका बाईसाठी खणलं, आमच्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या एका बाईसाठी पाणी घातलं. मी तर जळत जळत घातलं. ते सगळं त्या दगडाखाली मुरत होतं आणि कोणासाठी मुरत होतं ते आम्हा कोणालाच माहीत नव्हतं. प्रेमाने केलेली जागा एकाच माणसापुरती ठेवायची म्हटली तरी राहत नाही. आपण हात मोकळा सोडायचा, एवढंच आपलं काम. हे मला बसून सुचलं नाही, आडवं पडल्यावर कळलं.

गेल्या वैशाखात रूथ एका तांड्यावर अडलेल्या बाळंतिणीकडे गेली, भर दुपारी, पायीच. मी कांदा द्यायला धावले तोवर ती सडकेला लागली होती. घरात बसवेना. मी घागर भरली आणि तळघरात उतरले. सकाळचं पाणी होऊन गेलं होतं, शिळा अजून ओलसरच होती. तिच्यावर त्या वेळी एक म्हातारी झोपली होती, म्हणून कडेकडेने ओतलं. ओतता ओतता तोंडातून आपोआप निघालं, आणि निघाल्यावर मीच थांबून ऐकलं.

"रूथले ऊन नको लागू देजो."